नदीचा आकडा मागे का पडला?

यंत्र बंद पडले तर ते लगेच कळते. घड्याळ थांबले की आपण त्याला किल्ली देतो, पंप बंद पडला की नळ कोरडा होतो आणि घरोघर बोभाटा होतो. पण यंत्र चालू राहिले, वेळच्या वेळी उत्तरे देत राहिले आणि ती उत्तरे मात्र खोटी असली, तर ते ओळखावे कसे? हा प्रश्न एका पावसाळ्यात आमच्यापुढे उभा राहिला. त्याचा उलगडा करताना आम्हांला जे शिकावयास मिळाले, ते संगणकाचा धंदा न करणाऱ्या श्रोत्यांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा विषय निवडला आहे.

आम्ही काही मंडळींनी मिळून गावाजवळच्या पुलाच्या कठड्याला नदीची पातळी मोजणारे एक लहानसे यंत्र बसविले होते. कानाला ऐकू न येणारा ध्वनी ते पाण्याकडे सोडते आणि प्रतिध्वनी परत येण्यास किती वेळ लागला यावरून पाणी किती खाली आहे हे काढते. पुलाच्या टोकाशी असलेल्या खोलीत एक छोटा संगणक आहे. दर १० सेकंदांनी तो यंत्राला विचारतो आणि यंत्र एका केबलमधून ३२ अक्षरांची एक ओळ उत्तरादाखल धाडते. ओळीत पाण्याची पातळी, हवेचे तापमान, बॅटरीची स्थिती आणि शेवटी ताळ्याची एक खूण असते. संगणक अशा दहा ओळींची सरासरी काढतो, म्हणजे लाटांमुळे होणारा चढउतार पुसला जातो. सरासरी ठरलेल्या रेषेच्या वर गेली की नदीकाठच्या खालच्या आळीतील घरांच्या फोनवर सूचना जाते.

पहिला पावसाळा उत्तम गेला. दुसऱ्या पावसाळ्यापूर्वी, शहाण्या माणसाने करावे त्याप्रमाणे, आम्ही संगणकावरची मूळ आज्ञावली नवी करून घेतली. जुलै महिन्यात एका रात्री पाणी तासाला सुमारे ३० सेंटिमीटर या वेगाने चढू लागले. घाटावरचा वृद्ध नावाडी आमच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाला, “साहेब, पाणी सातव्या पायरीला लागलं. तुमची सूचना अजून कशी नाही?” सूचना गेली, पण सुमारे दहा मिनिटे उशिरा. आळीतील लोक नावाड्याच्या हाकेने आधीच सावध झाले होते, म्हणून कोणाचे काही बिघडले नाही. तथापि आमचे यंत्र दहा मिनिटे खोटे बोलले होते, आणि पुढच्या वेळी नावाडी जागा असेलच याची हमी कोण देणार?

अक्षराचा प्रवास

दोष शोधावयाचा तर आधी अक्षर केबलमधून कसे जाते ते पाहिले पाहिजे. ही रीत संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. एमिल बोदो या फ्रेंच तारतज्ज्ञाने १८७४ साली प्रत्येक अक्षराला पाच खुणांचा ठराविक संच देणाऱ्या तारपद्धतीचे पेटंट घेतले. संदेशाचा वेग मोजण्याचे ‘बॉड’ हे माप त्याच्याच नावावरून पडले. पुढे टेलिप्रिंटर आले, आणि १९६० साली अमेरिकेत या प्रकारच्या जोडणीचे ‘आर. एस. २३२’ हे प्रमाण ठरले. आपल्याकडची तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली, पण तारेची ही रीत दवाखान्यांतील उपकरणांत, कारखान्यांत, वजनकाट्यांत आणि आमच्या पुलावर अजून चालूच आहे.

एका तारेवर एका वेळी एकच खूण जाऊ शकते: दाब आहे किंवा नाही. या एका खुणेला ‘बिट’ म्हणतात. आठ बिटांचे एक अक्षर होते. बिट एकापाठोपाठ एक, वारकऱ्यांच्या दिंडीसारखे, रांगेने जातात, म्हणून या जोडणीस ‘सीरियल’ म्हणजे क्रमिक म्हणावयाचे. घेणाऱ्याला अक्षर कोठे सुरू झाले ते कळावे म्हणून आठ बिटांच्या आधी एक आरंभाची खूण आणि शेवटी एक विरामाची खूण असते. असे एका अक्षरास दहा बिट लागतात. आमच्या केबलचा वेग सेकंदास ९,६०० बिट, म्हणजे ९६० अक्षरे. एका बिटाच्या वाट्याला सुमारे १०४ मायक्रोसेकंद येतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की दोन टोकांची घड्याळे एकमेकांना बांधलेली नसतात. आरंभाची खूण दिसताच घेणारी चिप आपले घड्याळ लावते आणि प्रत्येक बिटाच्या मध्यभागी एकदा डोकावून पाहते. अक्षर दहाच बिटांचे असल्यामुळे घड्याळात थोडा फरक असला तरी शेवटच्या बिटापर्यंत तो अर्ध्या बिटाहून अधिक साचत नाही, आणि पुढच्या आरंभखुणेला घड्याळ पुन्हा लावले जाते.

१९८१ च्या आय. बी. एम. पर्सनल कॉम्प्यूटरमध्ये हे काम करणारी ‘८२५०’ नावाची चिप होती. आलेले एकच अक्षर ती राखून ठेवू शके. संगणकाने ते उचलण्यापूर्वी पुढचे आले तर आधीचे हरवे. तिच्या वंशातील ‘१६५५०’ जातीच्या चिपांत १६ अक्षरांची ओसरी आली, म्हणजे पाहुण्यांना थोडा वेळ टेकता येऊ लागले. हल्लीच्या संगणकांत त्याही पुढची सोय आहे. चिपमधून अक्षरे उचलून थेट मेमरीत मांडणारा एक स्वतंत्र हमाल असतो, त्यास डी. एम. ए. म्हणतात. मुख्य प्रोसेसरला प्रत्येक अक्षरासाठी हातातले काम टाकून धावावे लागत नाही. पुष्कळशी अक्षरे जमली, किंवा केबल क्षणभर शांत झाली, की त्याला निरोप जातो आणि तो साचलेला ढीग उचलतो.

या सर्वांवर देखरेख ठेवणारी आज्ञावली म्हणजे ‘ड्रायव्हर’. एस. टी. च्या ड्रायव्हरशी तिचे नाते एवढेच की प्रवाशाला इंजिनाचे ज्ञान नसले तरी चालते, ड्रायव्हरला ते असावे लागते. आमचा वरचा कार्यक्रम फक्त ‘नवीन ओळ आली का?’ एवढेच विचारतो. चिप, हमाल आणि मेमरी यांच्याशी बोलणे हे ड्रायव्हरचे काम.

चुकीची जात ओळखावी

पहिला संशय अर्थातच केबलवर गेला. पावसाळ्याचे दिवस, ओल, वीज कडाडत होती. आमच्यापैकी एकाने नवी केबल आणलीही. परंतु वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. प्रत्येक दोष आपली खूण मागे ठेवतो, आणि ती वाचली तर पुष्कळ हेलपाटे वाचतात.

केबलमध्ये विजेचा उपद्रव असेल तर एखाद-दुसरा बिट उलटतो. मग आकड्याच्या जागी भलतेच चिन्ह दिसते आणि ओळीच्या शेवटची ताळ्याची खूण जुळत नाही. दोन टोकांचे वेग जुळत नसतील तर एखादे अक्षर नव्हे, सगळा मजकूरच गचाळ येतो. अक्षरे वेळेवर उचलली गेली नाहीत तर मजकूर स्वच्छ असतो, पण मधली अक्षरे गळून ओळ आखूड होते.

आमच्या नोंदवहीत यातले काहीच नव्हते. प्रत्येक ओळ बरोबर ३२ अक्षरांची, प्रत्येकीचा ताळा जुळलेला. फक्त पाणी चढत असताना एकाआड एक आकडा सुमारे १० सेंटिमीटर कमी दिसत होता. आलेख करवतीच्या दात्यांसारखा झाला होता. आम्ही तो आधी पाहिला नव्हता असे नाही, पाहिला होता आणि ‘लाटा असतील’ म्हणून पान उलटले होते. पाणी स्थिर असे तेव्हा दाते दिसतच नसत. म्हणजे ज्या वेळी यंत्राची गरज नाही त्या वेळी ते खरे, आणि गरज पडली की खोटे!

दुसरी चमत्कारिक गोष्ट अशी की दिवसा खोलीत कोणी त्याच संगणकावर आलेख पाहत बसले, की दाते नाहीसे होत. रात्री संगणक एकटा असला की परत उगवत. काम वाढले म्हणून संगणक चुकला, असे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. काम नाही म्हणून चुकला, असे कधी ऐकले नव्हते.

आम्ही एक साधा उपाय केला. यंत्राकडून येणाऱ्या तारेला फाटा काढून तेथे एक जुना संगणक नुसता ऐकण्यासाठी जोडला. त्यावर मागील वर्षीचीच आज्ञावली होती. दोन रात्रींच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. जुन्याच्या वहीत दाता एकही नाही, नव्याच्या वहीत जागोजाग. तारेवरून खरे तेच येत होते. यंत्र निर्दोष, केबल निर्दोष. खोटेपणा शिरत होता तो नव्या संगणकाच्या आत.

यापुढचा तपास पुलावर करणे योग्य नव्हते. पुलावरच्या संगणकावर आम्ही मागील वर्षीची आज्ञावली परत बसविली आणि नवी टेबलावर घेतली. यंत्राऐवजी दुसऱ्या एका संगणकाकडून ३२ अक्षरांच्या ओळी सेकंदाला वीस या वेगाने पाठविल्या. पण एक सुधारणा केली: प्रत्येक ओळीत तिचा अनुक्रमांक घातला. पाच मिनिटांत दोष हाती आला. ५००१ नंतर ५००२ यावयाचा, तेथे ४८७४ आला होता, आणि नंतर शहाण्यासारखा ५००३. प्रत्येक वेळी चुकलेली ओळ जोडीतली दुसरीच, आणि प्रत्येक वेळी बरोबर १२८ ओळींपूर्वीची.

१२८ ला ३२ ने गुणले की ४,०९६ होतात. ड्रायव्हर आलेली अक्षरे ज्या गोल पेटीत साठवितो तिची लांबी नेमकी तेवढीच होती. पेटी भरली की पुन्हा पहिल्या घरापासून लिहावयाचे. म्हणजे ड्रायव्हर आम्हांला त्याच घरात मागील फेरीला पडलेली ओळ देत होता. पुलावर १२८ ओळी म्हणजे १,२८० सेकंद, २१ मिनिटे २० सेकंद. तासाला ३० सेंटिमीटर चढणारे पाणी तेवढ्या वेळात सुमारे १० सेंटिमीटर चढते. दाते तेवढेच खोल होते. दहातील पाच ओळी २१ मिनिटे जुन्या असल्या तर सरासरी सुमारे साडेदहा मिनिटे मागे पडते. सूचना तेवढीच उशिरा गेली होती. नावाड्याच्या तक्रारीचा आणि आमच्या गुणाकाराचा मेळ बसला, तेव्हा तपास योग्य वाटेवर आहे असा धीर आला.

ताळा का जुळत होता, हेही आता कळले. ती ओळ खोटी नव्हतीच, ती शिळी होती. ताळ्याची खूण ओळ मोडली आहे की नाही एवढेच सांगते. ती कालची आहे की आजची, हे सांगत नाही.

चौदा हजारांतून एक

पूर्वी नीट चाललेली गोष्ट सुधारणेनंतर बिघडावी, यास या व्यवसायात ‘रिग्रेशन’ म्हणतात. आपण पीछेहाट म्हणू. पीछेहाटीत एक मोठी सोय असते: चांगली स्थिती कोणती आणि वाईट कोणती, हे दोन्ही ठाऊक असतात. प्रश्न एवढाच की या दोहोंच्या मधल्या कोणत्या पावलाला ठेच लागली?

आमच्या संगणकावरची आज्ञावली कोणासही वाचावयास खुली असलेली आहे. तीत झालेला प्रत्येक बदल, केव्हा व कशासाठी केला या टिपणासह, क्रमाने जपून ठेवलेला असतो. या नोंदणीसाठी ‘गिट’ नावाचे साधन आज सर्वत्र वापरतात. लिनक्स प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केले. आमच्या जुन्या आणि नव्या आवृत्तींमध्ये सुमारे १४,००० बदल होते. एकेक वाचावयाचा म्हटले तर पावसाळे संपले असते.

येथे शब्दकोशात शब्द पाहण्याची युक्ती कामास येते. कोश मधोमध उघडावा. हवा तो शब्द पुढे असेल तर मागचा अर्धा भाग सोडून द्यावा, उरलेला परत मधोमध उघडावा. सातहजाराव्या बदलापर्यंतची आज्ञावली बनवून तपासावयाची. दोष दिसला तर गुन्हेगार पहिल्या अर्ध्यात, न दिसला तर दुसऱ्यात. एका परीक्षेत १४,००० चे ७,००० उरतात, दुसरीत ३,५००, आणि चौदाव्या परीक्षेस एकच. गिटमध्ये हे काम करणारी ‘बायसेक्ट’ नावाची आज्ञाच आहे. प्रत्येक वेळी आज्ञावली बनवून संगणकावर चढविण्यास अर्धा तास लागे, नंतर परीक्षा. दोन दिवसांत आम्ही चौदाव्या पायरीवर पोहोचलो, आणि तेथे जो बदल हाती लागला तो ध्वनी वाजविणाऱ्या एका उपकरणाविषयी होता! आमच्या संगणकात ते उपकरण नव्हतेच.

आम्ही चुकलो होतो, आणि ही चूक सांगण्याजोगी आहे. निकालांची यादी परत पाहिली तेव्हा तिसरा निकाल ‘चांगला’ आणि त्यानंतरचे अकरा निकाल सगळे ‘वाईट’ असे दिसले. न्याय्य शोधात चांगले-वाईट मिसळून यावयाचे. सलग अकरा वेळा एकच उत्तर येणे हे संशयास्पदच. तिसऱ्या परीक्षेच्या वेळी संगणक सुरू होताच आम्ही घाईने चाचणी घेतली होती. नुकत्याच सुरू झालेल्या संगणकाची स्वतःची झाडलोट चाललेली असते, आणि तो कामात असला की दोष लपतो हे आम्हांला ठाऊक असूनही आम्ही विसरलो. खरे म्हणजे ती आवृत्ती वाईटच होती. एका खोट्या ‘चांगल्या’ने गुन्हेगार ज्या अर्ध्यात होता तोच अर्धा आम्ही फेकून दिला होता.

यावरून एक नियम बांधता येतो. ‘वाईट’ सिद्ध करण्यास एक उदाहरण पुरते. ‘चांगले’ सिद्ध करण्यास पुरेसा काळ आणि दोषाला अनुकूल परिस्थिती, दोन्ही द्यावी लागतात. घरात साप दिसला तर आहे म्हणता येते. दिसला नाही म्हणून नाही म्हणावयाचे तर अडगळ उपसावी लागते. आम्ही तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली. संगणक सुरू झाल्यावर दहा मिनिटे त्यास स्वस्थ बसू द्यावयाचे, आणि ‘चांगला’ हा निकाल तीन वेळा मिळाल्याखेरीज लिहावयाचा नाही, असे ठरविले. या वेळी शेवटी जो बदल उरला तो आमच्याच चिपच्या ड्रायव्हरमधला, अवघ्या तेरा ओळींचा होता.

तेवढ्याने समाधान मानले नाही. सर्वांत नव्या आवृत्तीतून तेवढाच बदल काढला, तेव्हा दोष गेला. जुन्या, निर्दोष आवृत्तीत तेवढाच घातला, तेव्हा दोष आला. काढल्याने जातो आणि घातल्याने येतो, तेव्हाच कारण सापडले असे म्हणावे.

बाजारातला फळा

आता तो बदल काय होता ते पाहू. प्रोसेसर फार वेगवान आणि मेमरी त्या मानाने सावकाश. म्हणून प्रोसेसर मेमरीतला मजकूर एकदा वाचला की त्याची नक्कल जवळच्या छोट्या जागेत ठेवतो. तिला ‘कॅश’ म्हणतात. ही रोकड नव्हे, हिला आपण हातवही म्हणू. हातवहीत मजकूर एकेका अक्षराने न उतरता गठ्ठ्याने उतरतो. आमच्या प्रोसेसरचा गठ्ठा ६४ अक्षरांचा, म्हणजे आमच्या नेमक्या दोन ओळींचा होता.

बाजार समितीच्या आवारातील फळ्याची कल्पना करा. सकाळी कारकून त्यावर वरून खाली एकेक भाव लिहीत असतो. खालच्या भागात अजून कालचेच आकडे आहेत. इतक्यात दुकानातला पोऱ्या येतो, त्याला कांद्याचा भाव हवा असतो. तो सबंध फळाच वहीत उतरून घेतो: वर आजचा कांदा, खाली कालचा बटाटा. थोड्या वेळाने मालक बटाट्याचा भाव विचारतो. फळ्यावर आता आजचा भाव लिहिला गेला आहे, पण पोऱ्या तेथवर जात नाही, वहीत पाहून कालचा भाव सांगतो. भाव खोटा नाही, एके काळी तो खराच होता.

आमच्या संगणकात फळ्यावर लिहिणारा कारकून म्हणजे डी. एम. ए. हा हमाल, आणि पोऱ्या म्हणजे प्रोसेसर. या जातीच्या यंत्रात फळ्यावर नवे लिहिल्याची वर्दी हातवहीला आपोआप मिळत नाही. ‘ते पान फाडून टाक आणि फळ्याकडे पाहा’ असे ड्रायव्हरने सांगावे लागते. जुना ड्रायव्हर प्रत्येक वाचनापूर्वी सगळी पाने फाडावयास सांगत असे. काम बरोबर, पण उधळपट्टीचे. कोणा काटकसरी लेखकाने सुधारणा केली: या फेरीत जे पान एकदा फाडले ते परत फाडण्याचे कारण नाही. वरवर पाहता हे बिनतोड आहे. पान पूर्ण लिहून झालेले असेल तर ते खरेही आहे. पण पान अर्धेच लिहिलेले असेल तर? जोडीतली पहिली ओळ वाचताना सबंध पान हातवहीत आले, खालच्या अर्ध्यात मागील फेरीची ओळ घेऊन. दुसरी ओळ आली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, हे पान आपण मघाशीच फाडले आहे.

सर्व कोडी एकदम सुटली. चुकणारी ओळ नेहमी जोडीतली दुसरीच का? कारण पान दोन ओळींचे. दिवसा दोष का लपे? कारण आलेख पाहणाऱ्याच्या कामाने लहानशी हातवही भरून जाई आणि जुने पान आपोआप बाहेर पडे. रात्री संगणक रिकामा, म्हणून शिळे पान जागच्या जागी. आणि ज्याने हा बदल केला त्याच्या टेबलावर तो का दिसला नाही? त्याने बहुधा मोठ्या, सलग मजकुराने परीक्षा घेतली असावी. पाने पूर्ण भरत होती. दर दहा सेकंदांनी अर्धे पान धाडणारी नदी त्याच्या टेबलावर नव्हती.

आम्ही ड्रायव्हर सांभाळणाऱ्या मंडळींना पत्र लिहिले. त्यात तक्रार थोडी आणि पुरावा अधिक ठेवला: दोष कसा उत्पन्न करावा, कोणत्या बदलाने तो आला, काढल्यावर काय होते, आणि अनुक्रमांकांच्या वीस ओळी. अर्धवट भरलेले शेवटचे पान नेहमी फाडावे एवढीच दुरुस्ती पुरेशी होती. ती त्यांनी केली, काटकसरही कायम राहिली, आणि आम्ही ती टेबलावर तीन रात्री तपासून मगच पुलावर नेली.

थोडा विचार

हा प्रकार आमच्याच वाट्याला आला असे नाही. लिनक्समध्ये वर सांगितलेल्या ८२५० कुळातील चिपांचा जो ड्रायव्हर आहे, त्यास २०१३ साली डी. एम. ए. ची जोड मिळाली. हमालाचे काम संपले हे प्रोसेसरला दोन वेगवेगळ्या वाटांनी कळू शके. क्वचित दोन्ही वाटांचे निरोप एकाच क्षणी येत आणि तोच मजकूर दोनदा आत घेतला जाण्याचा संभव असे. ही फट बुजविली गेली ती २०२३ च्या सुरुवातीस, दहा वर्षांनी. जगभर डोळ्यांखाली असलेल्या आज्ञावलीतही असे घडते, कारण हे दोष ओळी वाचून दिसत नाहीत. दोन घटना एकाच क्षणी घडतात तेव्हाच ते डोके वर काढतात.

यावर कोणी म्हणेल, मग सुधारणा करूच नयेत, चालले आहे ते चालू द्यावे. आम्हांस हे पटत नाही. न सुधारलेल्या आज्ञावलीत चोरांना ठाऊक झालेली भोके तशीच राहतात. सुधारणा कराव्यात, परंतु त्यांच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. लिनक्सच्या कर्त्यांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतले आहे: वापरणाऱ्याचे जे काम काल चालत होते, ते आजच्या बदलाने बिघडता कामा नये, आणि बिघडले तर तो बदल करणाऱ्याचा दोष मानावा. हे बंधन पाळावयाचे तर बिघाड कळविणारा कोणी तरी हवा. तो आपल्यासारखाच कोणी असतो.

पुलावर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. यंत्राच्या प्रत्येक ओळीत आता अनुक्रमांक असतो, म्हणजे शिळी ओळ तोंडावरच ओळखू येते. नवी आज्ञावली आधी आठवडाभर टेबलावर चालते, आणि तेव्हा तिच्याबरोबर जुना संगणक साक्षीदार म्हणून ऐकत असतो. तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त. घाटाच्या पायऱ्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातले आहेत, आणि पाणी पाचव्या पायरीच्या वर गेले की नावाडी दर अर्ध्या तासाने आम्हांला फोन करतो. त्याचा आकडा आणि यंत्राचा आकडा आम्ही एकाच वहीत, शेजारी शेजारी लिहितो.